केसरी की चवदार तळे?

१

२०२० साली ‘मूकनायक’ला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने गावोगाव व्याख्याने झाली, विशेषांक निघाले, आणि जवळजवळ प्रत्येक वक्त्याने व लेखकाने एक प्रसंग हटकून सांगितला. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. ते निघत असल्याची जाहिरात छापावी म्हणून ‘केसरी’ला विचारण्यात आले. फुकट नव्हे, पैसे मोजून. ‘केसरी’ने ती छापली नाही. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी ही हकीकत नोंदवताना त्या वेळी टिळक हयात होते याची मुद्दाम आठवण दिली आहे.

हा प्रसंग सांगितला की सभा क्षणभर गप्प होते, मग टाळ्या पडतात, आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. माझी तक्रार या वळण्याबद्दल आहे. आपल्या लेखनात हा प्रसंग एका माणसाच्या, फार तर एका जातीच्या, अनुदारपणाचा दाखला म्हणून येतो. अनुदारपणा त्यात होताच. तो झाकण्याचे कारण नाही. पण तेवढेच पाहिले की हा प्रसंग १९२० सालात कोंडून पडतो. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले. ‘केसरी’ची ती सत्ताही कालांतराने ओसरली. मग आज हा प्रसंग सांगायचा तो कशासाठी? केवळ जुनी जखम दाखवण्यासाठी?

माझ्या मते त्या जाहिरातीने एक प्रश्न विचारला होता आणि आपण त्याचे उत्तर अजून दिलेले नाही. लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट ज्याच्या मालकीची आहे, त्याला त्या वाटेवर प्रतिस्पर्ध्याचे पाऊल पडू न देण्याचा अधिकार आहे काय? असल्यास तो कोठवर? आज हा प्रश्न पुण्यातल्या एका छापखान्यापुरता राहिलेला नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांच्या दारात तो उभा आहे, आणि त्या दारातून रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या पोरांनाही रोज जावे लागते.

२

१९२० साली मराठी वाचकाकडे जाण्याची वाट वर्तमानपत्रातून होती. आज ती मोबाईलच्या काचेतून जाते. त्या वाटेवर गुगल, फेसबुक चालवणारी मेटा, ॲमेझॉन अशा मूठभर कंपन्यांचे नाके बसले आहे. गुगल आणि मेटा यांचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींचे आहे. म्हणजे पाटी लावायला जागा भाड्याने देणे हाच त्यांचा मुख्य धंदा. पण या कंपन्या नुसत्या जागा भाड्याने देत नाहीत. नकाशे, चित्रफिती, खरेदी-विक्री, पैशांची देवघेव असे कितीतरी धंदे त्या स्वतःही करतात. बाजाराची जागा ज्याची, त्याचेच त्या बाजारात दुकानही आहे. तोच माल विकणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराने पाटीसाठी जागा मागितली, तर हा मालक काय करील?

काय करील ते २०११ साली दिसले. गुगलने त्या वर्षी ‘गुगल प्लस’ नावाची, फेसबुकशी उघड स्पर्धा करणारी सेवा काढली. अमेरिकेतल्या एका माणसाने फेसबुकवरच पैसे भरून जाहिरात दिली : मला ‘गुगल प्लस’वर भेटा. फेसबुकने ती काढून टाकली आणि त्याच्या बाकीच्या जाहिरातीही बंद केल्या. ‘गुगल प्लस’ पुढे २०१९ साली बंद पडले. त्याच्या मरणाला ही एक जाहिरात कारण झाली असे कोणी म्हणणार नाही, पण नाक्यावरच्या माणसाची वृत्ती मात्र तिने दाखवून दिली.

हे सारे दूरचे वाटेल. म्हणून जवळचे सांगतो. मी शिकवतो त्या महाविद्यालयात पेण आणि रोहा तालुक्यांतली मुले येतात. बऱ्याच घरांत तीच पहिली शिकणारी. माझ्या घरात मी होतो तसा. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्तींचे शेकडो कारखाने आहेत आणि रोजावर रंगकाम करणारे हात आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून येतात. अशाच एका घरातल्या माझ्या माजी विद्यार्थ्याने लहान कारखान्यांसाठी मोबाईलवर एक साधी सोय उभी केली. मूर्तीचा फोटो, भाव आणि कारखान्याचा फोन नंबर. गिऱ्हाइकाने थेट बोलावे, मध्ये दलाल नको. तिची जाहिरात त्याने एका बड्या कंपनीकडे दिली. त्या कंपनीच्या स्वतःच्या बाजारातही मूर्ती विकल्या जातात. जाहिरात नाकारली गेली. कारण एका ओळीचे : आमच्या धोरणात बसत नाही. कोणते धोरण, कोणता शब्द खटकला, काय बदलावे, काही नाही. त्याने तीनदा विचारले, तीनदा तीच ओळ आली. तीही इंग्रजीत.

त्याची जाहिरात स्पर्धेच्या भयाने नाकारली की तिच्यात खरेच काही नियमबाह्य होते, हे मला सांगता येणार नाही. त्यालाही नाही. ते कळूच नये अशी ती व्यवस्था आहे. ‘मूकनायक’ला नकार कोणी दिला हे निदान ठाऊक होते, त्या माणसाला नाव होते, पत्ता होता, त्याच्यावर लेख लिहिता येत होता. आजच्या नकाराला तोंडच नाही.

३

आता प्रतिपक्षाची बाजू. ती नीट मांडल्याशिवाय आपली बाजू पक्की होत नाही.

‘केसरी’चा वकील म्हणेल : हे खाजगी पत्र आहे. ते मालकाच्या पैशाने चालते, त्याची काही मते आहेत. आपल्या मताविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पत्राची दवंडी आम्ही का पिटावी? आणि कोणी जाहिरात आणली म्हणून ती छापलीच पाहिजे, असा कायदा कोठे आहे?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्या या त्रैमासिकाकडे कोणी एका पोटजातीच्या वधूवर मेळाव्याची जाहिरात पूर्ण पृष्ठाचे पैसे घेऊन आला, तर संपादकांनी ती नाकारलीच पाहिजे. ती छापण्याची सक्ती झाली, तर आपण रस्त्यावर येऊ. प्रत्येक पत्राने प्रत्येक जाहिरात छापावी असा नियम झाला, तर त्याचा पहिला बळी लहान नियतकालिके ठरतील. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आपली पानेच विकत घेतील. ज्याचा आवाज लहान, त्याला नकाराचा हक्क जपावाच लागतो. आपले सारे साहित्य नकारातून उभे राहिले आहे. नकार हाच गुन्हा, असे आपण तरी कसे म्हणणार?

बाबासाहेबांनीही ‘केसरी’विरुद्ध कोर्टाची पायरी चढली नाही. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ निघाला होता. तो चालेल तोवर चालवला. मग ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ काढले, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’, आणि १९५६ साली तिचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळत नसेल तर स्वतःचे पत्र, हा त्यांचा मार्ग होता. ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून भरावे लागत, आणि पैशाअभावी १९२९ साली ते पत्र बंद पडले. हा मार्ग स्वस्त नव्हता.

मग ‘केसरी’चा वकील जिंकला काय? येथे आपल्या जिल्ह्यातले दुसरे प्रकरण समोर ठेवले पाहिजे. ज्या बाबासाहेबांनी ‘केसरी’च्या नकाराला स्वतंत्र पत्र काढून उत्तर दिले, त्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला ‘आपण आपली विहीर खणू’ असे म्हटले नाही. ते चवदार तळ्यावर गेले.

४

महाडची हकीकत आपल्याला पाठ आहे, म्हणून प्रस्तुत प्रश्नापुरतीच सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी मात्र चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. व्यापाऱ्यांनी सामान द्यायचे नाकारले, तेव्हा ते बाहेरून आणावे लागले.

चाळीस रुपये मोजले तर पाणी मिळत होते. तळ्याकाठी उभे राहून ओंजळ भरता येत नव्हती. ‘केसरी’ने तर पैसे समोर असताना नकार दिला. पैशाला जात नसते, बाजार सर्वांना सारखा असतो, असे भांडवलशाहीचे गुणगान करणारे सांगतात. या दोन्ही प्रसंगांत पैसा होता आणि तो पुरेसा ठरला नाही. बाजाराच्या तोंडाशी कोणी उभा असेल, तर आधी त्याची मर्जी लागते; पैशाचे काम त्यानंतर.

आणि डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्यांनी जो दावा लावला, त्यातला युक्तिवाद काय होता? तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना वगळून ते वापरण्याची आमची वहिवाट अनादी आहे. खाजगी मालकी आणि जुना रिवाज, या दोन खांबांवर तो दावा उभा होता. त्यावर तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. तळे नगरपालिकेचे आहे आणि वगळण्याचा अनादी रिवाज सिद्ध झालेला नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने अखेर १७ मार्च १९३७ रोजी सांगितले. सत्याग्रहापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. पण प्रश्न धसाला लागला : एखादी गोष्ट ‘आमची खाजगी’ म्हटल्याने खाजगी होत नाही.

‘केसरी’ आणि चवदार तळे यांतला फरक मी असा समजतो. पत्र हा कोणाचा तरी आवाज असतो. त्या आवाजाला तू माझे बोल असे फर्मावता येत नाही; त्याच्यासमोर आपला आवाज उभा करावा लागतो. तळे हा आवाज नव्हे. ते पाणी आहे, त्याला मत नाही. त्याच्या काठावर कोण उतरला म्हणून तळ्याचे मत बदलत नाही. शिवाय त्याला पर्याय नसतो. गावाला लागणारे पाणी तेथेच असते. म्हणून पत्राच्या नकाराला आपण निंद्य म्हणू शकतो, पण तळ्यावरचा नकार बेकायदा ठरवावा लागतो.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो : गुगल, फेसबुक, ॲमेझॉन या ‘केसरी’ आहेत की चवदार तळे?

५

वर्तमानपत्रही केव्हा केव्हा तळे होते, हे सांगणारा एक खटला अमेरिकेत झाला आहे. ओहायो राज्यात लोरेन नावाचे शहर आहे. तेथले ‘जर्नल’ हे दैनिक गावातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत जाई. १९४८ साली जवळच्या गावी एक रेडिओ केंद्र निघाले आणि लोरेनचे दुकानदार त्यावर जाहिराती देऊ लागले. ‘जर्नल’ने फतवा काढला : जो रेडिओवर जाहिरात देईल, त्याची जाहिरात आम्ही छापणार नाही. दुकानदारांना ‘जर्नल’शिवाय गत्यंतर नव्हते. रेडिओला उपाशी मारण्याचा हा डाव होता. १९५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जर्नल’ला दोषी ठरवले. आपल्या पत्रात काय घ्यावे हा आमचा खाजगी हक्क आहे, असा ‘जर्नल’चा बचाव होता. न्यायालयाने तो हक्क नाकारला नाही. पण मक्तेदारी उभी करण्यासाठी वापरला तर तो हक्क राहत नाही, असे बजावले.

या निकालाचा नेमकेपणा आपण घेतला पाहिजे. नकार का दिला आणि नकार देणाऱ्याची ताकद किती, हे दोन्ही न्यायालयाने पाहिले. मत पटले नाही म्हणून दिलेला नकार वेगळा, आणि दुसऱ्याचा धंदा बुडावा म्हणून दिलेला वेगळा. दहा पत्रांपैकी एकाने दिलेला नकार वेगळा, आणि एकमेव पत्राने दिलेला वेगळा.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे प्रकरण मुंबईत घडले. टेलिफोन निर्देशिका छापण्याचा मक्ता आपलाच आहे, असे महानगर टेलिफोन निगमचे म्हणणे होते. टाटा प्रेसने व्यापारी जाहिरातींची पिवळी पाने छापायला घेतली, तेव्हा निगम न्यायालयात गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेसच्या बाजूने निकाल दिला. जाहिरात ही देखील अभिव्यक्ती आहे आणि संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाचे संरक्षण तिला आहे, असे त्यात ठरले. लढले ते टाटा. हा निकाल गरिबांसाठी मागितलेला नव्हता. तरी त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. जाहिरातीतून मिळणारी माहिती ऐकण्याचा, वाचण्याचा लोकांनाही हक्क आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

या दृष्टीने ‘मूकनायक’चा प्रसंग पुन्हा वाचावा. आजवर आपण तो जाहिरात देणाऱ्याच्या अपमानाचा प्रसंग म्हणून वाचला. वाचकाकडून पाहिले तर काय दिसते? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाले, ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ यांतून लिहीत राहिले, १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. लष्करात लिहा-वाचायला शिकलेल्या माणसांची अशी एक परंपरा कोकणात होती. त्या परंपरेतल्या ज्या कोणाच्या हाती १९२० साली ‘केसरी’ पडत असेल, त्याला आपल्यासाठी एक पत्र निघाले आहे ही बातमी त्यातून मिळाली नाही. नकार एकट्या डॉ. आंबेडकरांना मिळाला नव्हता. न भेटलेल्या त्या वाचकालाही तो मिळाला, आणि आपल्याला काही नाकारले गेले आहे हे त्याला कळलेही नाही. माझ्या विद्यार्थ्याची जाहिरात ज्या गिऱ्हाइकांनी पाहिली नाही, त्यांचीही हीच गत. वाट अडवण्याचे पाप असे दुहेरी असते.

६

आता कंपन्यांकडे येऊ. त्यांचा पवित्रा मोठा चतुर आहे. आपल्या जागेवर कोणी फसवी जाहिरात दिली, कोणी द्वेष पसरवला आणि लोक जाब विचारायला गेले, की त्या म्हणतात : आम्ही केवळ मध्यस्थ. लोक बोलतात, आम्ही वाहून नेतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९वे कलम अशा मध्यस्थांना अटींवर संरक्षण देते, आणि त्या ते मागतात. म्हणजे या वेळी त्या तळे असतात, ज्याला मत नाही. पण एखाद्याने माझी जाहिरात का नाकारली असे विचारले, की त्याच कंपन्या म्हणतात : ही आमची जागा, आमचे धोरण, काय ठेवावे हे आम्ही ठरवू. या वेळी त्या ‘केसरी’ असतात. जबाबदारी आली की तळे आणि हक्क मागितला की ‘केसरी’, अशी ही दुतोंडी भूमिका आहे. दोन्हीपैकी एक काहीतरी घ्या, असे त्यांना सांगण्याची वेळ आली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली गुगलच्या जाहिरात-व्यवहाराबाबत या दिशेने एक पाऊल टाकले. एकाच्या व्यापारी नावाचा शब्द दुसऱ्याच्या जाहिरातीला जोडून विकण्याचा तो वाद होता. जाहिरातींच्या या धंद्यात गुगल नुसता निष्क्रिय वाहक नाही, सक्रिय सहभागी आहे, असे न्यायालयाने म्हटले.

भारतीय स्पर्धा आयोगाकडेही प्रकरणे गेली आहेत. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमाने वर्चस्वाचा गैरवापर करण्यास मनाई केली आहे. दुसऱ्याला बाजारात शिरू न देणे हा त्यातलाच एक प्रकार. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगाने गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. शोधाच्या पानावर स्वतःच्या सेवेला झुकते माप दिले, हा ठपका होता. त्याच प्रकरणातले जाहिरातींविषयीचे आरोप मात्र आयोगाने मान्य केले नाहीत. त्याच वर्षी दुसरा एक निकाल आला. संगणक दुरुस्तीची मदत दुरून पुरवणाऱ्या एका धंद्याचे म्हणणे असे की, गुगलने स्वतःची तशीच सेवा काढली आणि आमचे जाहिरात-खाते बंद केले. आपल्या विषयाचा याहून नेमका खटला सापडणार नाही. आयोगाने तक्रार मान्य केली नाही. या क्षेत्रात ग्राहकांची फसवणूक होते, म्हणून सुरक्षिततेसाठी ही कारवाई केली, ही कंपनीची बाजू टिकली.

या निकालात तथ्य नाही असे मला म्हणायचे नाही. दुरून संगणक दुरुस्त करतो म्हणून सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत; त्यांच्या जाहिराती रोखल्या पाहिजेत. ग्राहकाच्या रक्षणासाठी दिलेला नकार योग्यच. अडचण येते ती पुढे. फसवणूक कोणती आणि स्पर्धा कोणती, हे ठरवणारा पहिला न्यायाधीश स्वतःच त्या धंद्यातला दुकानदार असतो. तळ्याचे पाणी बाटेल, ही भाषाही शुद्धतेच्या रक्षणाचीच होती. म्हणून कारण खरे की खोटे, हे कारण सांगणाऱ्याच्या हाती ठेवता येत नाही.

७

इथवरचा सारा विचार व्यापाऱ्यांच्या कायद्याच्या चौकटीत झाला. आपल्या वाचकाने या चौकटीची मर्यादाही ओळखली पाहिजे. स्पर्धा कायदा दुखावलेल्या प्रतिस्पर्ध्याला ओळखतो. बहिष्कृताला ओळखत नाही. २०१८ च्या दंडाच्या प्रकरणात गुगलविरुद्ध एक तक्रारदार कोण होता? लग्ने जुळवणारी कंपनी, जिने जातीजातींसाठी स्वतंत्र दालने थाटली आहेत. जातीअंताचा मार्ग आंतरजातीय विवाहातून जातो असे बाबासाहेबांनी सांगितले. येथे जातीच्या कुंपणातला विवाह विकणारा, कुंपणे घालू नका म्हणून दुसऱ्यावर फिर्याद करीत होता! त्याची तक्रार खरी असू शकते. पण दोन सावकारांच्या भांडणात कूळ आपोआप मुक्त होत नसते.

बहिष्कृताला ओळखणारे कलम आपल्या संविधानात आहे. पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे उपकलम सांगते की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरास अटकाव करता येणार नाही. ज्या देशाने चवदार तळे पाहिले, त्याच देशाच्या संविधानात तळे हा शब्द आला आहे. ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ व्यापक केला : जो जो आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शिक्षणसंस्थांच्या संदर्भात याच व्यापक अर्थाचा आधार घेतला. मग पैसे घेऊन जाहिरातीची जागा सर्वांना देऊ करणारी कंपनी हे ‘दुकान’ नव्हे काय? माझ्या मते आहे. अडचण अशी की हे उपकलम जातीवरून दिलेला नकार पकडते, आणि यंत्र जातीचे नाव कधीच घेत नाही. ते म्हणते, धोरणात बसत नाही.

यंत्रामागची माणसे मात्र जातीपासून मुक्त आहेत असे समजण्याचे कारण नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, आणि भाषणातला मजकूर पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती काढल्या. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत गुगलच्या बातम्या विभागात तेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयी व्याख्यान ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदुविरोधी ठरवून तक्रारी केल्या आणि कंपनीने व्याख्यान रद्द केले. ते आयोजित करणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला. लाहोर आणि कॅलिफोर्निया यांत सहस्रावधी मैलांचे आणि शहाऐंशी वर्षांचे अंतर आहे. रद्द करण्याची पद्धत ओळखीची आहे.

८

तर मग भूमिका कोणती घ्यावी?

जिचा आवाज आहे, जिची मते आहेत, जिच्यावाचून वाचकाचे अडत नाही, अशा प्रत्येक पत्राला, प्रकाशनाला, लहान सेवेला जाहिरात नाकारण्याचा पूर्ण हक्क असावा. तो हक्क आपल्यालाही लागणार आहे. पण जी कंपनी स्वतःला मध्यस्थ म्हणवून संरक्षण घेते, जिच्यावाचून लोकांपर्यंत पोहोचताच येत नाही, आणि जी त्याच बाजारात स्वतःचे दुकान मांडून बसली आहे, तिला प्रतिस्पर्ध्याची जाहिरात केवळ प्रतिस्पर्धी म्हणून नाकारण्याचा हक्क नाही. ती तळ्याची राखणदार आहे. तळ्याची धनीण नव्हे.

यातून काही मागण्या निघतात. नकार दिला तर कारण लेखी आणि नेमके द्यावे. ज्याला नाकारले त्याच्या भाषेत द्यावे, रोह्याच्या मुलाला मराठीत. स्वतःच्या दुकानाला आणि परक्याच्या दुकानाला एकच नियम, एकच दर लावावा. आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याची जागा कंपनीच्या बाहेर असावी, जेथे माणूस बसलेला असेल. डिजिटल स्पर्धा कायद्याचा जो मसुदा मार्च २०२४ मध्ये सरकारी समितीने पुढे आणला, त्यात बड्या कंपन्यांनी स्वतःच्या सेवेला झुकते माप देऊ नये अशी तरतूद होती. त्यावरची चर्चा उद्योजकांच्या संघटनांनी आणि वकिलांनी केली. आपल्या चळवळीने, आपल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी त्यात तोंड घातले पाहिजे. हा विषय इंग्रजी शिकलेल्यांचा आहे असे समजून बाजूला राहणे म्हणजे पाणवठ्याचा ठराव गावकीवर सोडणे होय.

आणि याबरोबर स्वतःची साधने उभी करण्याचे कामही आहेच. दारे उघडा म्हणून भांडणे आणि स्वतःचे घर बांधणे, यांपैकी एकच निवडा असे आपल्याला वारंवार सांगितले जाते. बाबासाहेबांनी ही निवड कधी मान्य केली नाही. तळ्यावर जाण्याच्या आणि ‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक निघण्याच्या मध्ये १९२७ साली अवघे दोन आठवडे होते. एका हाताने त्यांनी ओंजळ भरली आणि दुसऱ्या हाताने अग्रलेख लिहिला. यापुढे ‘मूकनायक’च्या जाहिरातीची गोष्ट सांगणाऱ्याने टाळ्यांपाशी थांबू नये. आज ती जाहिरात कोण नाकारतो आहे, आणि त्याच्याकडे कारण मागायला आपण केव्हा जाणार आहोत, हे त्याने सभेला विचारावे.